माल चढवायला पदवी कशाला?

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहेस, निर्यातीच्या क्षेत्रात जायचं म्हणतेस आणि बाबा विचारतात, "माल जहाजावर चढवायला पदवी कशाला लागते?" त्यांना काय उत्तर देऊ, असं तू लिहिलंस.

माल चढवणारे वेगळे. मी सुचवणार आहे त्या कामात माल बहुधा दृष्टीसही पडत नाही.

विकणारा एका देशात, घेणारा दुसऱ्या, ओळखपाळख नाही. आधी पैसे की आधी माल? हा पेच सोडवायला बँक मधे पडते. खरेदीदाराची बँक लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी उघडते: ठरलेली कागदपत्रं बिनचूक आणा, पैसे मी देते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उत्पत्तीचा दाखला आणि सगळ्यांत मोलाचं बिल ऑफ लेडिंग. हे बिल जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती असते आणि सहसा त्याची मूळ प्रत दाखवल्याशिवाय पलीकडच्या बंदरात माल सुटत नाही. बँक खोकी उघडत नाही, कागद वाचते. 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार माल रवाना झाल्यापासून 21 दिवसांत, तेही एलसीची मुदत संपायच्या आत, हे कागद बँकेत पोचायला हवेत. एलसीत 'शंभर टक्के सुती शर्ट' आणि इन्व्हॉइसवर नुसतं 'शर्ट' असेल, तर माल चोख असूनही पैसे अडकतात.

ही चूक आधीच पकडणारी व्यक्ती म्हणजे डॉक्युमेंटेशनवाली. सुरुवात तिथून कर. फ्रेट फॉरवर्डरकडे (मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करणारे), कस्टम्स ब्रोकरकडे (सीमाशुल्काचे सोपस्कार करणारे) किंवा एलसीची कामं बघणाऱ्या बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागात. पगार सुरुवातीला बेताचा, काम किचकट. पण धंदा इथेच कळतो. 'पंधरा दिवसांत निर्यातदार व्हा' छापाच्या वर्गांना मात्र पैसे देऊ नकोस.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकारानुसार ठरलेले क्रमांक, हळूहळू अंगवळणी पडतील. पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात. खर्च आणि जोखीम कधी कुणाची हे ठरवणाऱ्या, इन्कोटर्म्स 2020 मधल्या अकराही अटी मात्र मुलाखतीआधी पक्क्या कर.

आणि बाबांना एक प्रश्न विचार. सौदा त्यांतल्याच सीआयएफ अटीवर झालाय, म्हणजे भाडं आणि विमा दोन्ही विकणाऱ्याने भरलंय. जहाज भर समुद्रात बुडालं, तर जोखीम कुणाची? ते बहुतेक विकणाऱ्याची म्हणतील. माल जहाजावर चढला त्या क्षणीच ती घेणाऱ्याकडे गेलेली असते; विम्याचा दावाही त्यालाच करावा लागतो.