कुंभारकामाचा कोश: भट्टीच्या पैशातून घ्यावा का, आणि कुठून?

प्रश्न: नोकरी सांभाळून मी काही वर्षे कुंभारकाम करते. महिन्यातून एकदा दुसऱ्याची भट्टी भाड्याने घेते. एका भट्टीत 40 च्या आसपास भांडी बसतात आणि त्यातली 5-6 ग्लेझमुळे, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपामुळे, बाद होतात. कधी केसासारख्या भेगा पडतात, कधी ग्लेझ ओघळते. उरलेल्यांपैकी दोन-तृतीयांश विकली जातात, बाकीची फळीवर राहतात. स्वतःच्या भट्टीसाठी वेगळे पैसे साठवते आहे. ज्यांच्याकडे शिकले ते सगळे फ्रँक आणि जॅनेट हेमर यांचा ‘द पॉटर्स डिक्शनरी ऑफ मटेरियल्स अँड टेक्निक्स’ घे म्हणतात. नवी प्रत माझ्या 12 मगांच्या विक्रीइतकी महाग आहे, जुन्या प्रती त्याच्या एक-तृतीयांशात दिसतात. घरचे म्हणतात, इंटरनेटवर सगळे फुकट आहे. घेऊ का? घ्यायचा तर कुठून?

उत्तर: घ्या. पण नवा नको, हप्त्यावर नको, आणि भट्टीच्या साठ्यातूनही नको. या तिन्ही ‘नको’ची कारणे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात पुस्तकाच्या किमतीपेक्षा मोठी गोष्ट दडलेली आहे: दर महिन्याला बाद होणाऱ्या त्या 5-6 भांड्यांची किंमत तुम्ही अजून मोजलेलीच नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. तुम्ही ग्लेझ स्वतः कालवता की तयार डब्यातले वापरता? तयार ग्लेझ वापरत असाल आणि पुढेही तेच करायचे असेल, तर हा कोश तुम्हाला आवडेल, पण त्याचे पैसे वसूल होणार नाहीत. डबा ज्याने बनवला त्याने दिलेली तापमानाची सूचना पाळणे आणि तुमच्या मातीवर ते ग्लेझ बसते का हे तपासणे एवढ्यावरच तुमची बहुतेक बाद भांडी वाचतील. तुम्ही फेल्डस्पार, सिलिका, चिनी माती, चुनखडी असा ग्लेझचा कच्चा माल आणून स्वतः वजन करत असाल, तर मात्र हे पुस्तक तुमच्या हत्यारांपैकी एक आहे, आणि त्याचा विचार आपण हत्यारासारखाच करू. तुम्ही दुसऱ्या गटात आहात असे धरून पुढे लिहितो.

हिशेब साधा आहे, पण त्यात बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. पुस्तकाची किंमत 12 मग. समजा, त्यातून शिकून दर भट्टीला 2 भांडी जास्त वाचली. मग 6 भट्ट्यांत, म्हणजे 6 महिन्यांत पैसे फिटले, असे वाटते. हे तेव्हाच खरे, जेव्हा तुमचे प्रत्येक भांडे विकले जात असेल. तुमच्याकडे तर एक-तृतीयांश माल फळीवर राहतो. वाचलेले मगही त्याच फळीवर जाणार असतील, तर प्रत्येक वाचलेल्या मगामागे तुमची बचत म्हणजे विक्रीची किंमत नव्हे. एक मग कमी घडवावा लागला, त्याची माती, ग्लेझ आणि भट्टीतली जागा, एवढीच खरी बचत. तो खर्च विक्रीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतका धरला, तर 2 भांडी वाचली म्हणजे अर्ध्या मगाचे पैसे वाचले. या दराने नवी प्रत फिटायला 24 भट्ट्या लागतील. दोन वर्षे. जुनी प्रत 4 मगांत मिळाली, तर 8 भट्ट्या. चौथा हिस्सा हा माझा अंदाज आहे. तुमच्या वहीतला खरा आकडा घालून हे गणित पुन्हा करा. आकडा बदलेल, पण दोन प्रतींमधला तिपटीचा फरक बदलणार नाही.

नवी प्रत नको म्हणतो ते यासाठी. एरवी मी लोकांना ‘स्वस्त घेऊन दोनदा पैसे घालू नका’ असेच सांगतो. इथे जुने घेतल्याने तुमचे फारसे काही जात नाही, आणि त्याचे कारण पुस्तकाच्या स्वभावातच आहे.

हा कोश पहिल्यांदा 1975 साली निघाला. त्यानंतर आवृत्त्या वाढत गेल्या. पाचवी 2004 ची, सहावी 2015 ची. वर्णानुक्रमे नोंदी, एका नोंदीतून दुसरीकडे नेणारे संदर्भ, आकृत्या, आणि शेवटी कोष्टके अशी त्याची रचना. यातला मोठा भाग म्हणजे माती आणि आग यांचे वागणे, आणि ते काही बदललेले नाही. क्वार्ट्झ 573 अंश सेल्सियसला अचानक फुगतो आणि थंड होताना तिथेच आक्रसतो, हे 1975 मध्ये खरे होते आणि आजही आहे. चिनी मातीत रासायनिक बंधात अडकलेले पाणी साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान निघून जाते, हेही तसेच. तुमच्या केसासारख्या भेगांचे मूळही इथेच सापडते. थंड होताना ग्लेझ अंगच्या मातीपेक्षा जास्त आक्रसले की ते ताणले जाते आणि तडकते. सोडियम आणि पोटॅशियम जास्त असलेल्या ग्लेझमध्ये हे फार होते. सिलिका वाढवा, या अल्कलींचा (सोडियम-पोटॅशियमचा) काही भाग कमी करून त्या जागी बोरॉन किंवा मॅग्नेशिया आणा, ग्लेझचा थर पातळ द्या, अशा दिशा त्यातून निघतात. ही कारणमीमांसा कोणत्याही आवृत्तीत तुमच्या कामाची आहे.

बदलते ते दुसरे काही. पहिले म्हणजे कच्चा माल. खाणी बंद पडतात. जुन्या अमेरिकी कृतींमध्ये सर्रास दिसणारी अल्बनी स्लिप नावाची माती 1980 च्या दशकात बाजारातून गेली, आणि तिच्यावर बेतलेल्या कृती एका रात्रीत अडचणीत आल्या. फेल्डस्पारचे नाव तेच राहिले, तरी खाण बदलली की रासायनिक घटक सरकतात. म्हणून कोशातले कोष्टक आणि तुमच्या पुरवठादाराने दिलेला विश्लेषणाचा कागद यांत फरक दिसला, तर कागद खरा माना. दुसरे म्हणजे विषारी पदार्थ. कोणत्याही जुन्या कुंभारकामाच्या पुस्तकात शिशाची ग्लेझ आज बसेल त्यापेक्षा सहजपणे दिलेली सापडतात. खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसे नकोच. बेरियम कार्बोनेट आणि मँगनीजच्या बाबतीतही आजची काळजी जुन्या लेखकांपेक्षा कडक आहे, ते योग्यच आहे. तुम्ही मग आणि वाडगी विकता. दुसऱ्याच्या तोंडाला लागणारी वस्तू विकणाऱ्याने या बाबतीत काटकसर करू नये. त्यामुळे 1975 ची पहिली आवृत्ती कितीही स्वस्त मिळाली तरी मी तुम्हाला ती सुचवणार नाही. पाचवी मिळाली तर उत्तम, चौथीही चालेल. सहावी जुनी-वापरलेली सापडली आणि किंमत 6 मगांच्या आत असली, तर बेलाशक घ्या.

शंकूंच्या, म्हणजे भट्टीत ठेवायच्या आणि ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या छोट्या सुळक्यांच्या, आकड्यांबद्दल एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण तिच्यात थेट पैसे अडकलेले आहेत. हेर्मान सेगर यांनी 1886 च्या सुमारास बर्लिनमध्ये उष्णता मोजायचे शंकू आणले, आणि एडवर्ड ऑर्टन यांनी 1896 मध्ये अमेरिकेत आपले. दोन्हींचे क्रमांक सारखे दिसतात, पण सारखी उष्णता दाखवत नाहीत. ऑर्टनचा 6 क्रमांकाचा मोठा शंकू, शेवटी ताशी 60 अंशांनी भट्टी चढवली तर, 1222 अंशांच्या आसपास वाकतो. पुस्तकात किंवा कृतीत ‘शंकू 6’ दिसला की तो कुणाचा, हे पाहिल्याशिवाय भट्टी लावू नका. तुमचे ग्लेझ ओघळते त्यामागे हेही कारण असू शकेल.

आता घरच्यांच्या मुद्द्याकडे येऊ, कारण तो चुकीचा नाही. डिजिटलफायर या संकेतस्थळावर पदार्थांची आणि दोषांची फार चांगली माहिती विनामूल्य आहे. ग्लेझी या दुसऱ्या संकेतस्थळावर ग्लेझच्या हजारो कृती आहेत आणि त्यांचे रासायनिक सूत्रही दिसते. नव्या कच्च्या मालाच्या बाबतीत तर ही साधने छापील कोशाच्या पुढे आहेत. मग पुस्तक कशाला? माझ्या मते, नेमका प्रश्न माहीत असेल तर इंटरनेट जलद उत्तर देते. प्रश्नच धड मांडता येत नसेल, तेव्हा कोश उपयोगी पडतो. तुम्ही ‘भेगा’ शोधायला जाता, तिथून प्रसरणाच्या नोंदीवर, तिथून सिलिकावर, तिथून बिस्कच्या (ग्लेझ देण्याआधीच्या पहिल्या भाजणीच्या) तापमानावर जाता, आणि आपली अडचण ग्लेझमध्ये नसून मातीत आहे हे तासाभरात उमगते. शिवाय सगळे एकाच दृष्टीतून तपासलेले असते. दहा जणांची दहा मते जुळवत बसावी लागत नाहीत. हा फायदा खरा आहे. पण तो तुम्हाला मिळेल का, हे पैसे घालण्याआधी तपासता येते.

त्यासाठी पुढच्या दोन भट्ट्या होईपर्यंत एक वही ठेवा. प्रत्येक बाद भांड्यापुढे दोष, माती, ग्लेझ, थराची जाडी आणि भट्टीतली जागा लिहा, आणि त्याखाली तुम्हाला पडलेला प्रश्न. मग कोश ग्रंथालयातून मागवा. वर्ल्डकॅट या ग्रंथालयांच्या सामायिक ऑनलाइन सूचीवर शोधले की कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे ते कळते. तुमच्या ग्रंथालयात नसेल, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीची सोय आहे का ते विचारा. कलाशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या ग्रंथालयांत हे पुस्तक असण्याची शक्यता चांगली असते. प्रत हातात आली की वहीतले प्रश्न घेऊन बसा. निम्म्याहून जास्त प्रश्नांवर पुढची चाचणी काय करायची हे कळले, तर विकत घ्या. नाही कळले, तर तुमचे 4 मग वाचले आणि तुम्हाला सध्या पुस्तकापेक्षा एखाद्या अनुभवी माणसाबरोबर एका दिवसाची गरज आहे हेही समजले.

विकत घेताना शोध पुस्तकाच्या आणि लेखकांच्या नावाने घ्या, फक्त आयएसबीएनने (पुस्तकाच्या छापील ओळख-क्रमांकाने) नको. या कोशाच्या नंतरच्या आवृत्त्या ब्रिटनमध्ये ए अँड सी ब्लॅकने आणि अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया प्रेसने काढल्या. मजकूर तोच, क्रमांक वेगळे. एकाच क्रमांकाने शोधलात तर निम्मा बाजार दिसतच नाही. ए अँड सी ब्लॅक पुढे ब्लूम्सबरीकडे गेले, त्यामुळे नव्या प्रतीसाठी आधी तिथे बघा. वापरलेल्या प्रतींसाठी अ‍ॅबबुक्ससारख्या ठिकाणी अनेक जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा माल एकत्र दिसतो. कुंभारकामाचे सामान विकणारे पुरवठादारही पुस्तके ठेवतात. मातीच्या पुढच्या खेपेबरोबर पुस्तक मागवता आले, तर पाठवणावळ वेगळी पडत नाही. हा फायदा लहान नाही. नंतरच्या आवृत्त्या चारशेहून अधिक पानांच्या, वजनदार आहेत. परदेशातून मागवलेल्या स्वस्त प्रतीवर पाठवणावळ आणि आयातकर चढला की ती नव्या प्रतीला जाऊन भिडते. म्हणून तुलना नेहमी दारात पोचेपर्यंतच्या खर्चाची करा.

एखादी आवृत्ती तात्पुरती संपली की काही विक्रेते अचानक अवाच्या सवा किंमत लावतात. त्यात दुर्मीळतेचा भाग कमी असतो. किंमत ठरवणाऱ्या संगणकीय प्रणाली एकमेकींकडे बघून आकडे चढवत जातात. असा आकडा दिसला की महिनाभर थांबा. आणि कुणी पूर्ण पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल चार पैशांत विकत असेल, तर ती घेऊ नका. ती चोरीची असते, लेखकांच्या आयुष्यभराच्या कामावर मारलेला डल्ला असतो, आणि धूसर कोष्टकात 0.5 चे 5 वाचले गेले तर कोबाल्टसारख्या महाग ऑक्साइडची एक आख्खी बादली वाया जाते.

पैसे कुठून काढायचे? भट्टीच्या साठ्याला हात लावू नका. रक्कम मोठी आहे म्हणून नव्हे; एका हेतूसाठी ठेवलेल्या पैशातून दुसरा हेतू भागवायची वाट एकदा पडली, की तो साठा पुरा होत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहतो. फळीवर पडून राहिलेल्या भांड्यांतली काही ‘थोडा दोष असलेली’ म्हणून स्पष्ट सांगून कमी किमतीत काढा. तडकलेले ग्लेझ असलेली भांडी मात्र खाण्यापिण्यासाठी म्हणून विकू नका, शोभेसाठी विका. त्यातून जुन्या प्रतीचे पैसे जमतील. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर पुस्तक घेण्याचे तर कारणच नाही. 8 भट्ट्यांत फिटणाऱ्या वस्तूवर व्याज चढवले की ती 8 भट्ट्यांत फिटत नाही. धंद्याचे हिशेब वेगळे ठेवत असाल तर पावती त्यात लावा, आणि तुम्हाला तिची वजावट मिळेल का हे हिशेबनीसाला विचारा.

या कोशाला शिकणाऱ्यांकडून मागणी येत राहते, त्यामुळे नीट ठेवलेली प्रत पुढे विकता येईल. तरी त्या आशेवर जास्त किंमत देऊ नका.

प्रत आली की परत करण्याची मुदत संपण्याआधी तीन ठिकाणी बघा. हक्कपृष्ठावर आवृत्ती विक्रेत्याने सांगितलेलीच आहे का. शेवटची कोष्टके पूर्ण आहेत का, कारण कार्यशाळेत वापरलेल्या प्रतींची हीच पाने आधी सुटतात. आणि बांधणी उघडी ठेवून टेबलावर टिकते का. नव्या आणि जुन्या प्रतीमधला जो फरक वाचेल, त्यातून ऑर्टन शंकूंचे एक खोके आणि दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. भाड्याच्या भट्टीत दर वेळी वर, मध्ये आणि खाली शंकू ठेवा. भट्टीचा मालक कितीही सांगो, तुमच्या भांड्यांपर्यंत किती उष्णता पोचली हे शंकूच दाखवतो, आणि कोशातली कोणतीही नोंद तुमच्या कामाला लावायची तर तो आकडा तुमच्याकडे हवा.