कोऱ्या रकान्यांकडे पाहा

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी संख्याशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. आता म्हणते, एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे आजार लोकांत कुणाला, कुठं आणि का होतात याच्या शास्त्रात, मास्टर्स करायचंय. मी स्वतः वीस वर्षं लेखापरीक्षणात आहे. या विषयाबद्दल थोडं वाचलं, तर त्यात माहिती कायम अर्धवटच असते म्हणे. नोंदी अपुऱ्या, लोक सांगतील त्यावर भिस्त. अशा अंदाजपंचे शास्त्रात तिनं आयुष्य का घालवावं? आकड्यांचीच आवड असेल तर एखाद्या मोठ्या कंपनीत डेटा सायन्स का नको? सोबत दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जोडल्या आहेत. ती हल्ली घरात फारशी बोलत नाही, अभ्यासात असेल. तुम्हीच तिला समजवा.
– एक आई

ताई,

गुणपत्रिका एकदाच चाळल्या. गुण चांगले आहेत, त्यांची काळजी करायचं कारण नाही. पत्र मात्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटाकडच्या एकाच वाक्यापाशी अडले: 'ती हल्ली घरात फारशी बोलत नाही, अभ्यासात असेल.'

तुम्ही लेखापरीक्षक आहात. एखाद्या खातेवहीत चार महिन्यांच्या नोंदीच नसतील, तर 'व्यवहार झाले नसतील' असा शेरा मारून तुम्ही सही कराल? कारकुनाला बोलावून घ्याल, पावत्या मागवाल. मग घरातल्या एवढ्या मोठ्या कोऱ्या रकान्यावर 'अभ्यासात असेल' एवढं लिहून मोकळ्या कशा झालात?

मी हे जरा कडक लिहितेय, कारण मला खरोखर काळजी वाटली. दोनदा परीक्षा हुकली हे तुम्ही सांगितलंत. निकालाच्या दिवशी ती कशी होती, ते पत्रात नाही. तिला एपिडेमिऑलॉजी हवीय हे आहे, पण का हवीय, कुठून तिच्या डोक्यात आलं, याची एक ओळही नाही. तुम्ही तिला विचारलं असतंत तर ती ओळ आपोआप पत्रात उतरली असती. दोन अपयशांनंतर एखादी मुलगी स्वतःहून काही शोधते, ते घेऊन आईकडे येते, आणि आई एका अनोळखी बाईला लिहिते की तुम्हीच हिला समजवा. या घरात ती गप्प झाली असेल तर मला नवल वाटत नाही.

तिच्याच विषयातली एक गोष्ट सांगते. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली: तुम्ही धूम्रपान करता का, किती करता. सुमारे दोन तृतीयांश डॉक्टरांनी उत्तर दिलं. पुढं मृत्यूंचा हिशेब ठेवायला घेतला, तेव्हा उत्तर देणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण पहिल्या वर्षांत एकूण डॉक्टरांपेक्षा बरंच कमी भरलं. प्रश्नावली भरल्यानं कुणी जास्त जगत नाही. जे आधीच अंथरुणाला खिळले होते त्यांनी उत्तरच पाठवलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. डॉल आणि हिल यांनी हे ओळखलं आणि तसं लिहिलं. उत्तर न देणारे उत्तर देणाऱ्यांसारखेच असतील, असं कधीही धरून चालायचं नाही. या विषयाचा पहिला धडा हाच.

तेव्हा आधी तिच्याशी बोला. करिअरबद्दल नाही, तिच्याबद्दल. झोप लागते का, जेवते का, पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का. यातलं काही बिघडलेलं दिसलं, तर माझ्या सल्ल्याआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. प्रवेशाच्या तारखा पुन्हा येतात.

आता 'अंदाजपंचे'बद्दल. हा गैरसमज तुमचा एकटीचा नाही. आधी माहिती पूर्ण आणि चोख हवी, मगच निष्कर्ष काढता येतो, असं पुष्कळ शिकलेल्या माणसांना वाटतं. तसं असतं तर हे शास्त्र जन्मालाच आलं नसतं. १६६२ साली लंडनमधल्या जॉन ग्राँट नावाच्या कापडचोपडाच्या व्यापाऱ्यानं शहरातल्या मृत्यूंच्या छापील साप्ताहिक याद्यांवर पुस्तक लिहिलं. त्या याद्यांत मृत्यूचं कारण कोण भरायचं? नेमलेल्या म्हाताऱ्या बायका. वैद्यकाचं शिक्षण नाही. घरी जायचं, प्रेत पाहायचं, चार प्रश्न विचारायचे आणि कारण सांगायचं. दारूचा पेला आणि जादा दक्षिणा मिळाली की त्या कारण बदलून सांगतात, हे खुद्द ग्राँटनंच लिहून ठेवलंय. तुमच्या भाषेत सांगायचं, तर हिशेब लिहिणारेच फितूर.

ग्राँटनं वही फेकून दिली नाही. चूक कोणत्या बाजूला झुकलीय, ते तो शोधू लागला. उपदंशानं, म्हणजे सिफिलिस या लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारानं, गेलेल्यांच्या नोंदी फक्त दोन वस्त्यांमधून येतात हे त्यानं हेरलं. दोन्ही बदनाम. म्हणजे लाज झाकायची ऐपत असलेल्या घरांतले तेच मृत्यू 'व्रण' वगैरे रकान्यांत जात असणार. प्लेगच्या वर्षांत त्याला दिसलं की प्लेगखेरीज इतर कारणांचे मृत्यूही एकदम फुगलेत. सगळे आजार एकाच वर्षी कसे बळावतील? ते प्लेगचेच लपवलेले मृत्यू होते. नोंदींपेक्षा सुमारे एक चतुर्थांश जास्त माणसं प्लेगनं गेली असावीत, असा हिशेब त्यानं मांडला.

हीच रीत आज जादा मृत्यूंचा हिशेब म्हणून वापरली जाते. कोविडच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभर नोंदलेले कोविड मृत्यू सुमारे ५४ लाख होते. एरवी जेवढे मृत्यू झाले असते त्यांच्याशी तुलना करून जागतिक आरोग्य संघटनेनं जादा मृत्यूंचा अंदाज काढला, तो सुमारे १ कोटी ४९ लाख. सोबत मर्यादाही दिली: कमीत कमी १ कोटी ३३ लाख, जास्तीत जास्त १ कोटी ६६ लाख. ताई, या दोन टोकांकडे नीट पाहा. आपल्याला किती माहीत नाही, तेही मोजून सांगितलंय. अंदाजपंचे काम करणारा माणूस असं कधी सांगत नाही.

आणि तुम्ही तरी प्रत्येक व्हाउचर तपासता का? नमुना काढता, बँकेकडून परस्पर खात्री करून घेता आणि अहवालात 'वाजवी खात्री' असं लिहिता. तुमची मुलगीही हेच करणार आहे. समजा, एका आजाराच्या दोन याद्या आहेत. रुग्णालयांच्या यादीत २०० माणसं, प्रयोगशाळांच्या यादीत १५०, आणि दोन्हीकडे सापडणारी १००. म्हणजे प्रयोगशाळांच्या यादीतल्या दर तिघांपैकी दोघंच रुग्णालयांच्या यादीत दिसतात. रुग्णालयांची यादी एकूण रुग्णांपैकी दोन तृतीयांशच पकडत असेल, तर एकूण रुग्ण ३००. दोन्ही याद्या मिळून २५० नावं होतात. उरलेले ५० जण कुठल्याच कागदावर नाहीत, तरी ते हिशेबात आले. अर्थात दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. प्रयोगशाळेकडे रुग्णालयच माणसं पाठवत असेल तर हे गणित फसतं, आणि कुठं फसतं ते ओळखणं हेच कसब.

उलटही होतं. प्रत्येक नोंद खरी, तरी अर्थ चुकीचा. दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण पंधरा पटींनी वाढलं. नोंदी चोख होत्या, गाठी खऱ्या होत्या. मात्र या कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास जागच्या जागी राहिलं. आजार वाढला नव्हता, गळ्याची सोनोग्राफी वाढली होती. कधी त्रास न देणाऱ्या बारीक गाठी सापडत गेल्या आणि हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या. ताळेबंद जुळला म्हणजे व्यवहार समजला असं होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू.

डेटा सायन्सला माझा विरोध नाही. सुरुवातीचा पगार तिथं बहुधा जास्त मिळेल, हेही खरं. पण 'आकड्यांची आवड' एवढ्यावरून दोन्ही कामं सारखी समजू नका. तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे आकड्यांमागचा आजारी माणूस तिला हवा आहे. एक गोष्ट कदाचित तिलाही माहीत नसेल. वर ज्यांचं नाव आलं त्या ब्रॅडफर्ड हिल यांनाही डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात क्षयरोग झाला आणि ते राहून गेलं. पत्राद्वारे शिकून अर्थशास्त्राची पदवी घेतली. वैद्यकीय पदवी नसलेल्या या माणसानं डॉल यांच्याबरोबर धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवून दिलं. ही वाट म्हणजे डॉक्टर न झालेल्यांची दुय्यम सोय, असं घरात कुणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद करा.

प्रवेशाचं एका ओळीत: संख्याशास्त्राच्या पदवीवर सार्वजनिक आरोग्य, जैवसंख्याशास्त्र किंवा एपिडेमिऑलॉजीच्या मास्टर्सला अनेक ठिकाणी जाता येतं, परीक्षा आणि अटी विद्यापीठागणिक वेगळ्या, त्या तिनं स्वतः काढाव्यात.

तिला समजवायचं काम मी करणार नाही. खालचा मजकूर तिच्यासाठी आहे. पत्र तिच्या हातात द्या आणि ती वाचत असताना खोलीत थांबू नका.

बाळा,

हा विषय आईशी भांडून जिंकायचा म्हणून घेऊ नकोस, आणि डॉक्टर होता आलं नाही त्याची भरपाई म्हणूनही नको. यात चुका होतात, मोठ्या होतात. रजोनिवृत्तीनंतर हॉर्मोन्स घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणातून बरीच वर्षं दिसत होतं. पुढं १६,००० हून अधिक बायकांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून, काहींना हॉर्मोन्स आणि काहींना औषध नसलेली गोळी देऊन, चाचणी झाली. २००२ साली ती मुदतीआधी थांबवावी लागली, मुख्यतः स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला म्हणून. हृदयविकारातही फायदा तर दिसला नाहीच, उलट धोका थोडा वाढलेला दिसला. आधीच्या पाहण्यांत हॉर्मोन्स घेणाऱ्या बायका मुळातच जास्त सुस्थितीतल्या, तब्येत जपणाऱ्या होत्या, हे त्या फसगतीचं एक मोठं कारण. असे निष्कर्ष चुकले की त्याची किंमत खरी माणसं मोजतात. हे ओझं घेऊन काम करायची तयारी आहे का, ते स्वतःला विचार.

तयारी असेल तर एक काम कर. कुठल्याही आरोग्य पाहणीची सर्वांसाठी खुली असलेली फाइल उतरवून घे आणि वयाचा आलेख काढ. लोकांनी तोंडी सांगितलेली वयं असतील तर ४०, ४५, ५०, ६० यांवर सुळके दिसतील आणि ४१, ४९, ५९ वर खड्डे. लोक पाचाच्या आणि दहाच्या पटीत म्हातारे होत नाहीत, ते तसं सांगतात. मग मृत्यूची कारणं असलेली एखादी फाइल उघड. 'हृदयक्रिया बंद पडली' असं किती ठिकाणी आहे ते मोज. मरताना हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, ते कारण नव्हे. शेवटी रिकाम्या रकान्यांवर ये. कुणाचे रिकामे आहेत? बायकांचे, म्हाताऱ्यांचे, लांबच्या वस्त्यांचे? चार संध्याकाळी यात गेल्यावर कंटाळा आला, तर आईचं डेटा सायन्स वाईट नाही. पाचव्या संध्याकाळी पुन्हा फाइल उघडलीस, तर काय दिसलं ते मला लिही. या वेळी पत्र तुझं असू दे, आणि गुणपत्रिका जोडू नकोस.