विहिरीच्या पाण्यासाठी फिल्टर घेताना

यंत्राची किंमत विचारण्याआधी विहिरीचे पाणी तपासून घ्या, आणि तेही पावसाळ्यात एकदा व मे महिन्यात एकदा, कारण खाडीकाठच्या कित्येक विहिरी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होतात. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील, तर आरओवर (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रावर) पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ते यंत्र पुष्कळ पाणी वाया घालवते आणि त्याचा महागडा मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. अशा पाण्याला गाळ अडवणारा स्पन फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) बहुधा पुरेसे होतात. मात्र गढूळ पाण्यात यूव्हीचे किरण जंतूंपर्यंत नीट पोहोचत नाहीत, म्हणून जांभ्या मातीने लालभडक झालेला स्पन फिल्टर पावसाळ्यात वेळच्या वेळी बदला. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसला, तरी साधारण वर्षभराने त्याचा जोर ओसरतो. वार्षिक देखभालीत कोणते सुटे भाग धरले आहेत, हे विक्रेत्याकडून आधीच लिहून घ्या.