कॅम्पर व्हॅनचे टायर बदलताय? आधी धर्मकाट्यावर जा

भाऊ, नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असं समजू नका. आपल्या गाड्या उभ्याच जास्त असतात; नागपूरच्या ४५ डिग्रीत रबर झिजण्याआधीच म्हातारं होतं. बाजूच्या भिंतीवर बारीक तडे दिसतात का ते पाहा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ (DOT) अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. दुकानदार ‘नवाच माल आहे’ म्हणेलच, तुम्ही खाली वाकून वाचा.

त्याआधी पाण्याची टाकी, सिलिंडर, भांडीकुंडी, माणसं सगळं भरून धर्मकाट्यावर जा. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला. टायरवर लिहिलेला लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलायच्या ताकदीचा नंबर, ११२ असेल तर एक टायर ११२० किलो पेलतो, १२१ असेल तर १४५०. काठोकाठ नको, थोडी जागा ठेवा. कारचे टायर स्वस्तात बसवून देणारे भेटतील. त्यांना दुरूनच नमस्कार.

वॉल्व्हही नवे घ्या, किरकोळ खर्च आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. समृद्धीवर दुपारी प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका बाप्पा, गार झाल्यावर तेच कमी पडेल.