चंदीगढहून लेहकडे : लडाखला पोसणारा हवाई तळ

प्रश्न : माझा पुतण्या लष्करात असून सध्या त्याची नेमणूक लडाखमध्ये आहे. सुट्टी संपवून परतताना तो आधी चंदीगढला जातो, तेथे ट्रान्झिट कॅम्पमध्ये थांबतो आणि मग हवाई दलाच्या विमानाने लेहला पोहोचतो. थंडीत कधी कधी लागोपाठ काही दिवस विमान सुटतच नाही. हा तळ नेमका कशासाठी आहे, विमाने पहाटेच का निघतात आणि आता डोंगरात बोगदे होत असताना या तळाची गरज उरेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : आपला पुतण्या ज्या तळावरून लेहला जातो, तो हवाई दलाच्या १२ विंगचा तळ आहे. लढाऊ विमानांच्या तळांची नावे युद्धाच्या बातम्यांमुळे सर्वांना ठाऊक होतात. माणसे, शिधा, इंधन, दारूगोळा आणि औषधे वाहून नेणाऱ्या तळाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हिवाळ्यात झोजी ला आणि मनालीच्या बाजूच्या उंच खिंडी बर्फाने बंद झाल्या की लडाखला जाण्याचा भरवशाचा मार्ग आकाशातूनच असतो, आणि त्या मार्गाचे मैदानी प्रदेशातील मुख्य ठाणे चंदीगढ आहे. माझ्या मते गाजलेल्या एखाद्या मोहिमेपेक्षा वर्षानुवर्षे चाललेल्या या फेऱ्यांचे मोल अधिक आहे.

लडाखची हवाई वाहतूक मात्र या तळाहूनही जुनी आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेहला पहिले डाकोटा विमान उतरवले. त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि वाटेत हिमालयाची शिखरे होती. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या मदतीने सिंधूकाठी तयार केलेली कच्ची धावपट्टी एवढाच काय तो आधार होता. चंदीगढ शहराची उभारणीही तेव्हा सुरू झालेली नव्हती.

चंदीगढच्या तळाचे दिवस बदलले ते १९६० नंतरच्या दशकात. १९६१ मध्ये सोव्हिएत बनावटीचे एएन-१२ हे चार इंजिनांचे मालवाहू विमान हवाई दलात आले आणि दुसऱ्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले. ऑक्टोबर १९६२ मध्ये या विमानांनी एएमएक्स-१३ जातीचे सहा रणगाडे पूर्व लडाखमधील चुशूलला पोहोचवले. चुशूलची धावपट्टी १४,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामगिरीचा आवाका कळतो. त्याच वर्षी जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखच्या उत्तर टोकाकडील दौलत बेग ओल्डी येथे १६,००० फुटांच्या वर पॅकेट हे मालवाहू विमान उतरवले होते. विरळ हवेत बळ कमी पडू नये म्हणून या पॅकेट विमानांच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवलेले असे.

आता पहाटेच्या उड्डाणाविषयी. चंदीगढ समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर, तर लेहची धावपट्टी १०,००० फुटांहूनही वर आहे. उंचीमुळे हवा मुळातच विरळ असते आणि ऊन तापले की ती आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि त्यामुळे विमानात भरायचे वजन कमी करावे लागते. त्यात दुपारकडे खोऱ्यात वाऱ्याचा जोर वाढतो. लेहला चहूबाजूंनी डोंगर असल्याने उतरणे प्रामुख्याने एकाच दिशेने होते आणि अखेरच्या टप्प्यात बेत बदलायला वैमानिकाला फारसा वाव नसतो. म्हणूनच काळोख असताना चंदीगढला सामान चढवायचे, उजाडताना निघायचे आणि वारा सुटण्याआधी लेहहून परतायचे, असा क्रम बसलेला आहे. ढगांनी खोरे झाकले तर विमान सुटत नाही, किंवा वाटेतून माघारी येते. आपल्या पुतण्याला होणारा खोळंबा त्रासदायक असला, तरी तो त्याच्याच जिवासाठी आहे.

हे सांगताना ७ फेब्रुवारी १९६८ ची आठवण टाळता येत नाही. चंदीगढहून १०२ जणांना घेऊन लेहकडे निघालेले एएन-१२ खराब हवामानामुळे परत फिरले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना सापडले. २०२४ मध्येही बर्फातून आणखी चार जवानांचे मृतदेह मिळाले. त्या विमानातील बहुतेक जण आपल्या पुतण्यासारखेच प्रवासी जवान होते.

१९८४ मध्ये सियाचिनची मोहीम सुरू झाली आणि तळावरील भार कमालीचा वाढला, कारण हिमनदीवरच्या चौक्यांना लागणारी प्रत्येक वस्तू बाहेरूनच न्यावी लागते. त्याच सुमारास एएन-३२ आणि पाठोपाठ आयएल-७६ ही विमाने आली. एएन-३२ ची इंजिने पंखांच्या वर उंचावर बसवलेली दिसतात. उष्ण आणि उंच प्रदेशासाठी ती मुद्दाम अधिक ताकदीची घेतली आहेत. हे विमान साडेसहा टनांच्या आसपास भार नेते, तर आयएल-७६ ची क्षमता चाळीस टनांच्या वर आहे. मार्च २०१९ मध्ये चिनूक हेलिकॉप्टरेही येथेच दाखल झाली. पुण्याला लोहगावात नागरी विमाने हवाई दलाच्या धावपट्टीवरून उडतात, तीच व्यवस्था चंदीगढलाही आहे.

राहिला बोगद्यांचा प्रश्न. रोहतांगखालचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि झोजी ला खिंडीखालच्या बोगद्याचे काम चालू आहे. त्यामुळे शिधा आणि इंधनाचा बराच भार रस्त्यावर जाईल आणि तो जायलाच हवा, कारण विमानाने नेलेला प्रत्येक किलो महाग पडतो. परंतु मनाली–लेह रस्त्यावर बारालाचा ला आणि तांगलांग ला या खिंडी अजून उघड्यावरच आहेत. शिवाय २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर सैन्य आणि रणगाडे तातडीने पूर्व लडाखमध्ये हलवावे लागले, तेव्हा हवाई दलाची मालवाहू विमानेच वापरावी लागली. आजारी जवानाला रातोरात खाली आणायचे असो वा एखादी पलटण काही तासांत वर पोहोचवायची असो, रस्ता बारमाही झाला तरी ते काम चंदीगढसारख्या तळाकडेच राहील.