भाड्याच्या घरापुढे कुंड्यांचा आडोसा

तुम्ही विचारलंय, तळमजल्यावर भाड्याचं घर आहे, अंगणात बसलं की रस्त्यावरून सगळं दिसतं, घरमालक भिंत वाढवू देत नाही, तर कुंड्यांत झुडपं लावून स्वस्तात आडोसा होईल का?

होतो. पुण्यात अशाच घरात आम्ही चार वर्षं काढली. पण नर्सरीत जाण्याआधी एक करा. नेहमीच्या खुर्चीत बसा आणि कुणाला तरी रस्त्यावर उभं करून त्याचं डोकं कुठून दिसतं ते बघा. मी आधी कुंपणाच्या कडेने पंधरा कुंड्यांचा हिशोब मांडला होता. मग लक्षात आलं, झाड खुर्चीच्या जितकं जवळ, तितकं कमी उंचीचं चालतं. सात कुंड्यांत काम भागलं. त्याही एकावर एक अशा विटांच्या दोन थरांवर ठेवल्या, म्हणजे अर्धा फूट उंची फुकटात मिळाली आणि पाणीही नीट निचरलं.

कुंड्या म्हणजे रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे. रंगाऱ्याकडे मागितले की मिळतात. स्वच्छ धुऊन तळाला पाच-सहा भोकं पाडायची. माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पश्चिमेचं ऊन लागत असेल तर डब्याला गोणपाट गुंडाळा, नाहीतर मुळं भाजतात.

झाडं विकत घ्यायचीच असं नाही. अडुळसा, जास्वंद, तगर पावसाळ्यात फांदीवरून लागतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्यायची. अडुळसा सगळ्यात बिनतक्रार, आणि त्याला शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत. कुंती दिसायला सुंदर, पाला दाट, पण वाढ सावकाश. ती मात्र रोप आणूनच लावा. कण्हेर झपाट्याने वाढते, पण विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर नकोच.

जास्वंद रस्त्याच्या बाजूला ठेवू नका. आडोशासाठी लावली आणि पहाटे पूजेची फुलं तोडायला आलेली मंडळी फांद्या बाजूला सारून थेट आमच्या चहाच्या कपात डोकवायची! शेवटी बाहेरच्या बाजूला अडुळसा आणि कुंती, आत जास्वंद, अशी अदलाबदल केली. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूणही हमखास येतो. पाण्याचा जोरदार फवारा आणि कडुलिंबाचं तेल चालू ठेवा.

माझी खरी चूक छाटणीत झाली. उंची लवकर हवी म्हणून शेंडे खुडलेच नाहीत. झाडं वर गेली आणि खालून नुसत्या काड्या राहिल्या. रोप फूट-दीड फुटाचं झालं की जीव घट्ट करून शेंडा खुडा, बाजूने फुटवे येतात. पूर्ण आडोसा व्हायला दुसरा पावसाळा उजाडतो. तोवर हिरवी शेडनेट बांधा.

आणि उन्हाळ्यात रोज पाणी, कधीकधी दोन्ही वेळा. डब्यातली माती पटकन सुकते.

घर सोडलं तेव्हा सातही डबे छोट्या हत्तीत सामानाबरोबर चढवले. कुंतीने वाटेत थोडी पानं गाळली, बाकी सगळी व्यवस्थित आली.