मुळे तांबूस, बटा काळ्या: घरी केस रंगवताना

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लग्नसराई तोंडावर आली की या सदराकडे केसांच्या रंगाविषयीची पत्रे वाढतात आणि त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच असते: घरी लावलेला रंग मुळाशी एक दिसतो आणि खाली दुसराच. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: बरीच वर्षे मी घरीच गडद तपकिरी रंग लावते. या वेळी भाचीच्या लग्नासाठी म्हणून सोनेरी छटेचा, थोडा उजळ तपकिरी रंग आणला आणि मुळांपासून टोकांपर्यंत एकदमच लावला. केस वाळल्यावर पाहते तर भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा नारिंगी पट्टा उमटलेला, आणि त्याखालचे केस होते तसेच गडद. लग्नाला पंधरा दिवस आहेत. तोच रंग पुन्हा लावला तर सगळे केस एकसारखे होतील का? (एक शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: होणार नाहीत. तोच रंग पुन्हा लावला तर पट्टा आणखी उजळण्याची शक्यता आहे आणि खालच्या केसांत मात्र काडीचाही फरक पडणार नाही. असे का होते, हे नीट समजून घेतले तर दुरुस्ती अवघड नाही.

आपल्या डोक्यावर सध्या दोन प्रकारचे केस आहेत. केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटीमीटर वाढतात. म्हणजे मागच्या वेळी रंग लावल्यानंतर उगवलेला मुळाजवळचा भाग कोरा आहे, आणि त्याखालच्या भागावर जुन्या गडद रंगाचे थर चढलेले आहेत. खोक्यातून येणाऱ्या कायमस्वरूपी रंगात दोन कामे एकाच वेळी चालतात. अमोनियासारख्या अल्कधर्मी घटकामुळे केसाचे बाहेरचे खवले उघडतात, हायड्रोजन पेरॉक्साइड केसातील नैसर्गिक रंगद्रव्य फिके करते आणि त्याच वेळी रंगाचे बारीक रेणू आत जाऊन तेथेच एकमेकांना जोडले जातात. कोऱ्या केसातले नैसर्गिक रंगद्रव्य पेरॉक्साइडपुढे टिकत नाही. पण आधी बसलेला कृत्रिम रंग या मिश्रणाने उतरत नाही. शहापूर-वडगावच्या विणकर घरांत कोणालाही विचारावे: गडद रंगवलेले सूत फिक्या रंगाच्या पाण्यात बुडवून फिके होत नाही, तसेच हे आहे. आपला उजळ रंग कोऱ्या मुळांवर चढला आणि रंगलेल्या बटांवरून नुसता धुऊन गेला.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. टाळूच्या उबेने रंगाची रासायनिक क्रिया वेगाने होते आणि ही ऊब टाळूपासून साधारण सेंटीमीटरभर अंतरातल्या केसांना सर्वांत जास्त मिळते. आपले काळे केस फिके होऊ लागले की आधी तांबडी आणि मग नारिंगी झाक उघडी पडते. त्यावर आपण निवडलेली छटाही सोनेरी, म्हणजे उष्णच. त्यामुळे पट्टा नारिंगी दिसला यात खोक्यातील मालाचा दोष नाही.

आता दुरुस्ती. पट्टा खालच्या केसांच्या रंगाला आणून भिडवायचा आहे. खालचे केस पट्ट्याइतके उजळ करण्याच्या फंदात घरी पडू नये. त्यासाठी जुना रंग उतरवावा लागतो, ब्लीच वापरावे लागते, आणि लग्नाच्या आधी पंधरा दिवस हा प्रयोग अनुभवी पार्लरमध्येसुद्धा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण पूर्वी वापरत होतात त्याच गडद तपकिरी रंगाचे, शक्यतो अमोनियाविरहित, खोके आणावे. खोक्यावरील आकडा पाहून घ्यावा. सर्वसाधारण पद्धतीत 1 म्हणजे काळा, 3 म्हणजे गडद तपकिरी, 4 म्हणजे तपकिरी आणि 5 म्हणजे फिकट तपकिरी. टिंबानंतरचा आकडा छटा सांगतो. टिंबानंतर 3 असेल तर सोनेरी, 4 असेल तर तांब्याची आणि 6 असेल तर लाल झाक येते. आपल्याला या तिन्ही नकोत. टिंबानंतर काहीच नसलेला नैसर्गिक रंग किंवा .1 ही राखाडी छटा घ्यावी, कारण राखाडी छटेतील निळसरपणा नारिंगी झाक मारतो. डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचे पेरॉक्साइडचे द्रावण, सुटा मिळत असेल तर 3 टक्के पेरॉक्साइडचा, ज्याला दुकानात 10 व्हॉल्यूम म्हणतात, तो पुरेसा आहे. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के. तो पुन्हा केस उजळवील.

टाळूला विश्रांती म्हणून आठवडाभर थांबावे, म्हणजे लग्नाआधीही रंग बसायला आठवडा मिळेल. सर्व केसांना लावण्याआधी कानामागची एक बट घेऊन तिच्या नारिंगी भागाला मिश्रण लावून पाहावे. एकदा फिका झालेला केस सच्छिद्र होतो आणि रंग भराभर पितो, त्यामुळे खोक्यावर लिहिलेला अर्धा तास आपल्याला लागणार नाही, तो लावलात तर पट्टा आता काळा दिसेल. दहा मिनिटांनी ओल्या कापडाने ती बट पुसून, वाळवून, खिडकीच्या उजेडात खालच्या केसांशी ताडून पाहावी. ट्यूबलाइटखाली नारिंगी रंग लपतो. जुळली तर तीच वेळ, नाही तर आणखी चार-पाच मिनिटे.

प्रत्यक्ष लावताना पट्ट्याखालच्या केसांना आधी भरपूर कंडिशनर चोपडावा, म्हणजे मिश्रण ओघळले तरी तेथे धरणार नाही. केसांचे चार भाग करून, शेपटीच्या कंगव्याने पातळ पातळ बटा उचलून, ब्रशने फक्त नारिंगी भागावरच रंग लावावा. मागच्या बाजूला स्वतःचा हात नीट पोहोचत नाही. तेथे घरातल्या कोणाची तरी मदत घेणे शहाणपणाचे. धुतल्यावर पहिल्या दिवशी रंग किंचित गडद वाटला तर घाबरू नये, दोन-तीन धुण्यांत तो बसतो.

पुढच्या वेळेसाठी इतकेच: दर महिन्याला फक्त मुळांना रंग लावावा, टोकांपर्यंत ओढू नये. टोके फिकी वाटू लागली तर शेवटच्या पाच मिनिटांत मिश्रण थोड्या पाण्याने सैल करून खाली ओढले तरी पुरते. कधीही न रंगवलेल्या केसांना उजळ रंग लावायचा असेल तेव्हा क्रम उलटा असतो: आधी मधले केस, टाळूपासून दोन सेंटीमीटर सोडून, आणि मुळे सर्वांत शेवटी.

प्रश्न: मी पुडीतली काळी डाय वापरतो. मागचे केस काळेभोर होतात, पण कानशिलांवरचे पांढरे केस आठवड्यातच पुन्हा भुरकट दिसू लागतात. घरातले म्हणतात की जास्त वेळ ठेवा. उपाय सांगावा. (एक दुकानदार, निपाणी)

उत्तर: घरातल्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. कानशिलांवरचे पांढरे केस रंग घ्यायला हट्टी असतात, शिवाय त्यांच्यात मूळचे रंगद्रव्य नसल्याने रंग थोडा जरी उतरला तरी लगेच डोळ्यांत भरतो. मागच्या काळ्या केसांवर कमी रंग बसला तरी तो कळत नाही. म्हणून वेळ सगळीकडे वाढवण्याऐवजी सुरुवात कानशिलांपासून करावी. बहुतेक जण मागून किंवा माथ्यावरून सुरुवात करतात आणि कानशिलांपर्यंत येईतो मिश्रण संपत आलेले असते. त्या उरल्यासुरल्या मिश्रणाचे बोट तेथे फिरवून काम उरकले जाते. पांढऱ्या केसांवर मिश्रण जाड थरात हवे आणि पुडीवर दिलेली पूर्ण वेळ हवी, पण त्याहून जास्त नको.

आदल्या दिवशी डोके शाम्पूने धुवावे. आपल्याकडे सकाळी खोबरेल तेल लावून मगच बाहेर पडायची सवय असते. ते तेल मुळाशी साचलेले असेल तर मिश्रण सरकते. मिश्रण कालवण्यासाठी स्टीलची वाटी घेऊ नये, प्लास्टिक किंवा काचेचे भांडे घ्यावे. कालवल्याबरोबर हवेशी त्याची क्रिया सुरू होते, म्हणून अर्धे आज वापरून अर्धे पुढच्या रविवारसाठी झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात क्रिया मंदावते, तेव्हा गॅलरीत न बसता खोलीत बसावे.

एक आगाऊ सल्लाही देतो. काळ्याऐवजी गडद तपकिरी, म्हणजे 3 क्रमांकाचा रंग वापरून पाहावा. उगवणाऱ्या पांढऱ्या मुळांशी त्याचा विरोध कमी दिसतो आणि दर पंधरवड्याला भांडे घेऊन बसण्याची पाळी येत नाही. आपण विचारलेले नाही, पण डोक्याच्या केसांची डाय भुवयांना आणि पापण्यांना कधीही लावू नये.

प्रश्न: मी दर महिन्याला मेंदी लावते. खालचे केस लालसर-तपकिरी झाले आहेत आणि मुळे मात्र गाजरासारखी दिसतात. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवूनही फरक पडला नाही. आता त्यावर बाजारातला हेअर कलर लावला तर चालेल का? (एक गृहिणी, खानापूर)

उत्तर: मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केसातील केराटिनला धरते आणि त्याचा स्वतःचा रंग नारिंगी-लाल असतो. काळ्या केसावर ती नुसती झाक वाटते, पांढऱ्या केसावर तिचा खरा रंग दिसतो. आपली मुळे पांढरी आहेत, म्हणून ती नारिंगी दिसतात. खालच्या केसांवर महिनोन्महिने थरावर थर बसल्याने ते गडद झाले आहेत. चहा, कॉफी आणि कढई यांनी थोडाफार फरक पडतो. पांढरा केस तपकिरी करण्याचे बळ त्यांच्यात नाही.

वनस्पतींच्याच रंगावर राहायचे असेल तर मेंदी धुतल्यानंतर त्याच मुळांवर निळीच्या पानांची भुकटी लावावी. ही कपड्यांची नीळ नव्हे; दुकानात ती इंडिगो पावडर म्हणून मिळते. ती कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावावी लागते, रात्रभर भिजवली तर वाया जाते. तासाभराने नुसत्या पाण्याने धुतल्यावर केस हिरवट दिसतात आणि एक-दोन दिवसांत तपकिरी ते काळे होतात. खालच्या केसांना दरवेळी मेंदी लावण्याची गरज नाही, फक्त मुळांना लावावी.

बाजारातल्या रंगाबाबत मात्र सावध राहावे. मेंदी शुद्ध असेल तर त्यावर रंग लावता येतो. परंतु काही पाकिटांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि त्यांची पेरॉक्साइडशी जोरदार क्रिया होऊन केस जळू शकतात. कंगव्यात आलेले मेंदीचे केस एकत्र करून त्यांची लहानशी गुंडी रंगाच्या मिश्रणात अर्धा तास ठेवावी. मिश्रण गरम झाले, फेसाळले किंवा केस तटातटा तुटू लागले तर तो रंग डोक्याला लावू नये. मेंदीचे केस कापले जाईपर्यंत थांबावे.

प्रश्न: बेळगावात बहिणीकडे लावलेला रंग छान राहतो, आमच्या गावी बोअरच्या पाण्याने न्हाल्यावर लवकर तांबूस पडतो. हा भास आहे का? (चिकोडी तालुक्यातील एक वाचक)

उत्तर: भास नाही. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल येथील जलाशयांचे पाणी येते, आणि बोअरच्या पाण्यात क्षार व लोह जास्त असू शकते. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या तोटीला पांढरे थर बसत असतील तर तेच केसांवरही बसतात. लोहाने तांबूसपणा वाढतो. रंग लावण्याआधी दोन-तीन दिवस खोल स्वच्छता करणाऱ्या शाम्पूने एकदा केस धुवावेत, आणि रंगवल्यानंतरचे शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. पाणी फार गरम नको.

प्रश्न: मागच्या वेळी डाय लावल्यावर कानामागे खाज आली आणि दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. दुसऱ्या कंपनीची, 'काळी मेंदी' म्हणून मिळणारी पुडी लावावी का? (एक वाचक भगिनी, येळ्ळूर)

उत्तर: लावू नये. ही लक्षणे बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमिन या रंगद्रव्याच्या ॲलर्जीची आहेत. गडद रंगांच्या बहुतेक डायमध्ये ते असते आणि काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांमध्येही असते. कंपनी बदलून ही ॲलर्जी जात नाही, उलट पुढच्या वेळी सूज अधिक येऊ शकते आणि श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालयातच जावे लागते. ज्यांना कधीही त्रास झालेला नाही त्यांनीसुद्धा नवा रंग आणल्यावर कानामागे थोडा लावून 48 तास वाट पाहावी. आपण मात्र ही चाचणीसुद्धा घरी करू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना मागच्या वेळचे खोके किंवा पुडी बरोबर न्यावी, म्हणजे घटकांची यादी त्यांना वाचता येईल.